उच्छ्वासाचा पारखी : डॉ. जॉन स्कॉट हॉल्डेन

शाळेच्या प्रयोगशाळेत दरवर्षी एक लहानसा प्रयोग करून दाखविण्यात येतो. परीक्षानळीत चुन्याची स्वच्छ निवळी घ्यावयाची, तीत काचेची नळी बुडवावयाची, आणि एखाद्या विद्यार्थ्यास त्या नळीतून हलकेच फुंकावयास सांगावयाचे. थोड्याच वेळात ती नितळ निवळी दुधासारखी पांढुरकी होते. वर्गात क्षणभर कुजबुज होते, वहीत निरीक्षण व अनुमान ह्या दोन मथळ्यांखाली दोन ओळी लिहिल्या जातात, घंटा होते, आणि प्रयोग विसरला जातो. आपण ज्यास टाकाऊ समजून क्षणोक्षणी बाहेर टाकीत असतो, त्या उच्छ्वासात आपल्या देहाची केवढी वार्ता भरलेली असते, हा विचार त्या घंटेच्या गडबडीत राहूनच जातो.

ही वार्ता नीट वाचावी कशी, हे ज्या थोर शास्त्रज्ञाने जगास शिकविले त्याचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत. अपघातात सापडलेला किंवा हृदयक्रिया बंद पडलेला रोगी रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याच्या उशाशी असलेल्या एका लहानशा यंत्राच्या पडद्यावर त्याच्या प्रत्येक उच्छ्वासाची एक रेषा उमटते, व तीवरून रोगी तरतो की बुडतो हे डॉक्टरांस उमगते. ते यंत्र निघण्यापूर्वीच डॉ. जॉन स्कॉट हॉल्डेन हे जग सोडून गेले होते. तथापि त्या रेषेचा अर्थ लावण्याची किल्ली त्यांनीच घडविली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हॉल्डेन ह्यांचा जन्म १८६० सालच्या मे महिन्यात स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे झाला. घराणे जुने व नामांकित होते. त्यांचे आजोबा जेम्स अलेक्झांडर हॉल्डेन हे तरुणपणी हिंदुस्थानच्या सफरी करणाऱ्या जहाजावर होते व पुढे एका जहाजाचे कप्तानही झाले. परंतु समुद्राचा मार्ग सोडून त्यांनी सुवार्तेचा मार्ग धरला व एडिंबरो येथील एका मंडळीची सेवा पन्नासांहून अधिक वर्षे केली. आजोबांचे वडील बंधू रॉबर्ट ह्यांनी तर अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये मिशन काढण्यासाठी आपली एअरथ्री येथील मोठी जहागीर विकण्याचे ठरविले. परंतु ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी नाकारल्यामुळे तो बेत सिद्धीस गेला नाही. अशा रीतीने आमच्या चरित्रनायकाच्या जन्मापूर्वीच त्या घराण्याची दृष्टी एकदा आपल्या देशाकडे वळली होती. वडील वकील होते. वडील बंधू रिचर्ड हे पुढे इंग्लंडचे युद्धमंत्री व लॉर्ड चान्सलर झाले, आणि बहीण एलिझाबेथ ह्या लेखिका म्हणून प्रसिद्धीस आल्या. जॉन ह्यांनी मात्र आजोबांचे धर्मपीठही धरले नाही व बंधूंचे राजकारणही धरले नाही. कोंदट खोल्या, गटारे, कोळशाच्या खाणी आणि युद्धातील विषारी वायू हेच त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

एडिंबरो विद्यापीठातून १८८४ साली वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते डंडी येथील महाविद्यालयात प्रयोगनिर्देशक म्हणून लागले. डंडी हे तागाच्या गिरण्यांचे शहर. मजुरांची अवघी कुटुंबे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. ह्या खोल्यांतील हवा कशी असते हे पाहण्यासाठी तरुण हॉल्डेन व त्यांचे सहकारी रात्रीच्या वेळी, माणसे झोपलेली असताना, त्या घरी जात व बाटल्यांतून हवेचे नमुने भरून आणीत. त्यांनी शाळांच्या वर्गांतील हवाही तपासली. मुलांनी भरलेल्या वर्गात कार्बन डायऑक्साइड, ज्यास आपल्याकडील जुन्या पुस्तकांतून कर्बाम्ल वायू म्हणत, तो किती साठतो ह्याचे मोजमाप त्यांनी केले, आणि ज्या शाळांत यंत्राच्या साहाय्याने हवा खेळती ठेवण्याची सोय होती तेथील हवा इतरांहून पुष्कळच निर्मळ असते असे आकड्यांनिशी दाखविले. हा अहवाल १८८७ साली प्रसिद्ध झाला. केवळ नाकाने हुंगून बरीवाईट ठरविण्याची गोष्ट हॉल्डेन ह्यांनी तराजूत घातली. आणि अंदाजापेक्षा मोजमापावर विसंबण्याची ही वृत्ती त्यांच्या पुढील सर्व कार्याचा पाया झाली.

त्याच वर्षी ते ऑक्सफर्ड येथे आले. तेथे त्यांचे मामा जॉन बर्डन सँडर्सन हे शरीरविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्या काळी अशी समजूत होती की, गर्दीच्या खोलीत जो गुदमरल्याचा भास होतो तो माणसांच्या उच्छ्वासातून निघणाऱ्या कोणा अदृश्य सेंद्रिय विषामुळे होतो. हॉल्डेन ह्यांनी ह्या समजुतीची परीक्षा पाहण्याचे ठरविले. त्यांनी एक हवाबंद पेटी बनविली व तीत स्वतः जाऊन बसले. त्यांचे सहकारी लोरेन स्मिथ हेही ह्या कामी त्यांच्याबरोबर होते. पेटीतील हवा पुनःपुन्हा हुंगली जाऊन दूषित होऊ लागली, तसा श्वास जलद झाला, धाप लागली, डोके दुखू लागले. परंतु हवेतील कर्बाम्ल वायू रासायनिक द्रव्याने शोषून काढला असता धाप लागत नाही, असेही दिसून आले. तेव्हा ते गूढ विष कोठेच नव्हते. साठलेला कर्बाम्ल वायू व कमी झालेला प्राणवायू, हीच दोन कारणे होती. १८९३ सालच्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ह्या प्रयोगांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. कर्बाम्ल वायू वाढला म्हणजे शरीर धापेच्या रूपाने ओरडून सांगते, परंतु प्राणवायू कमी झाला तर ते पुष्कळदा गप्प बसते, आणि माणूस काही न कळताच बेशुद्ध पडतो. हा भेद विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे प्रयोजन पडणार आहे.

असो. ह्यानंतर हॉल्डेन ह्यांचे लक्ष कोळशाच्या खाणींकडे वळले. खाणीत स्फोट झाला म्हणजे त्यात मेलेले मजूर भाजून किंवा धक्क्याने मेले असे सामान्यतः समजत. २७ जानेवारी १८९६ रोजी वेल्स प्रांतातील टायलर्सटाउन येथील खाणीत भयंकर स्फोट होऊन ५७ माणसे प्राणास मुकली. हॉल्डेन तेथे गेले व त्यांनी प्रेते तपासली. पुष्कळांच्या अंगावर प्राणघातक अशी जखम नव्हती. चेहऱ्यावर मात्र गुलाबी छटा होती. ती छटा कशाची हे त्यांनी ओळखले. स्फोटानंतर खाणीत कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू पसरतो. त्यास ना रंग, ना वास. तो रक्तातील हिमोग्लोबिनास प्राणवायूपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट बिलगतो, व रक्त लालबुंद दिसत असूनही शरीर प्राणवायूवाचून तडफडते. बहुतेक मजूर स्फोटाने नव्हे, तर स्फोटातून वाचल्यावर ह्या वायूने मेले होते.

ह्या शोधाचे महत्त्व केवढे आहे पाहा! जो स्फोटानेच मेला त्याच्यासाठी कोणी काही करू शकत नाही. परंतु जो स्फोटानंतर मिनिटे किंवा तास जिवंत होता, त्यास वाचविणे शक्य होते. म्हणजेच खाणीच्या तोंडाशी ताटकळत उभ्या असलेल्या बायकामुलांची आशा व्यर्थ नव्हती. फक्त मदतीस जाणाऱ्यांस शत्रू कोण हे ठाऊक नव्हते.

हॉल्डेन ह्यांस तो शत्रू ठाऊक होता, कारण वर्षभरापूर्वीच त्यांनी त्याची गाठ घेतली होती. १८९५ साली त्यांनी प्रयोगशाळेत बसून स्वतः कार्बन मोनॉक्साइड हुंगला होता. अधूनमधून आपल्या रक्ताचा थेंब काढून ते त्याची तपासणी करीत, व नाडी, दृष्टी, चालण्यातील डळमळ ह्यांची नोंद ठेवीत. रक्ताची निम्म्याहून अधिक शक्ती त्या वायूने व्यापली, पाय लटपटू लागले, तेव्हा कोठे त्यांनी प्रयोग थांबविला. त्याच वायूत ठेवलेला लहानसा उंदीर मात्र कितीतरी आधी लोळला. लहान प्राण्याचा श्वासोच्छ्वास व रक्ताभिसरण जलद असल्यामुळे विष त्यास लौकर चढते. ह्यावरून त्यांनी सुचविले की, खाणीत उतरणाऱ्या मदतनिसांनी लहानसा उष्णरक्ताचा प्राणी बरोबर न्यावा, म्हणजे माणसाच्या आधी तो इशारा देईल. पुढे ह्या कामी कॅनरी पक्षी पसंत ठरला. कारण तो दांडीवरून खाली पडला की अंधुक उजेडातही दिसतो. ब्रिटनच्या खाणींतील ह्या पिवळ्या पहारेकऱ्यांची नोकरी विद्युत्‌यंत्रांनी घेण्याचा निर्णय १८८६ साली नव्हे, तर तब्बल १९८६ साली झाला. एका प्रयोगाचे फळ नव्वद वर्षे टिकले!

ह्या पंडिताच्या घरातील मुलेही ह्या विद्येतून सुटली नाहीत. त्यांचे चिरंजीव जॅक लहान असताना वडील त्यास एका खाणीत घेऊन गेले. छताशी मिथेन वायू साठलेला होता. वडिलांनी मुलास उभे राहून शेक्सपिअरच्या जूलियस सीझर नाटकातील अँटनीचे भाषण म्हणावयास सांगितले. मुलाने सुरुवात तर मोठ्या ऐटीत केली, परंतु काही ओळी होतात न होतात तोच त्यास धाप लागली व पाय गळून तो खाली पडला. जमिनीजवळची हवा चांगली होती. तेथे तो लागलीच सावध झाला. मिथेन हवेहून हलका असतो व तो वरच्या बाजूस तरंगतो, हा धडा त्या मुलास पुन्हा पाठ करावा लागला नाही. आमच्या पालकांनी ही शिक्षणपद्धती उचलावी असे आम्ही मुळीच सुचवीत नाही; पण जे मी स्वतः सोसले तेच तुला शिकवीन, असा त्या पित्याचा बाणा होता एवढे ह्यावरून दिसते.

आता आम्ही हॉल्डेन ह्यांच्या त्या कार्याकडे वळतो की, ज्यामुळे त्यांचे नाव रोग्याच्या उशाशी येऊन पोहोचले. १८९८ साली त्यांनी वायू तपासण्याचे एक सुटसुटीत उपकरण प्रसिद्ध केले. त्याचे तत्त्व सोपे आहे. मोजलेल्या आकारमानाची हवा पोटॅशच्या द्रावणावरून न्यावयाची. द्रावण कर्बाम्ल वायू तेवढा शोषून घेते. मग उरलेली हवा पुन्हा मोजावयाची. जेवढी तूट आली तेवढा कर्बाम्ल वायू. परंतु प्रश्न असा होता की, मोजावी कोणती हवा? आपण उच्छ्वास टाकतो त्याचा पहिला भाग तोंडातून व श्वासनलिकेतून आलेला असतो. तो रक्ताच्या भेटीस गेलेलाच नसतो. फुप्फुसांच्या टोकाशी जे लक्षावधी सूक्ष्म वायुकोश असतात तेथे रक्ताची व हवेची देवघेव होते, आणि तेथील हवा उच्छ्वासाच्या अगदी अखेरीस बाहेर येते. तेव्हा खरी वार्ता शेवटच्या फुंकरीत असते.

हॉल्डेन व त्यांचे तरुण सहकारी प्रीस्टली ह्यांनी ती शेवटची फुंकर पकडण्याची युक्ती काढली. सुमारे ४ फूट लांब व १ इंच रुंद अशी रबरी नळी घेतली. माणसाने तीतून एकदम जोराने व खोल उच्छ्वास सोडावयाचा, आणि तो संपताक्षणी जिभेने नळीचे तोंड बंद करावयाचे. तोंडाजवळच्या भागात जी हवा अडकून राही, ती वायुकोशांतील हवा. तिचा नमुना काढून तपासला जाई. एवढ्या साध्या साधनाने त्यांनी जो सिद्धांत प्रस्थापित केला, तो १९०५ साली प्रसिद्ध झाला, व त्याने श्वसनाच्या शास्त्रात नवे युग सुरू झाले.

त्यांना असे आढळले की, निरोगी माणूस स्वस्थ बसला असता त्याच्या वायुकोशांतील कर्बाम्ल वायूचे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके स्थिर असते. स्वतः हॉल्डेन ह्यांच्या बाबतीत ते शेकडा सुमारे ५.६ होते. मग हे दोघे गृहस्थ आपली नळी घेऊन बेन नेव्हिस ह्या सुमारे ४४०० फूट उंचीच्या पर्वतावर चढले, आणि कॉर्नवॉल परगण्यातील डॉलकोथ नावाच्या खोल खाणीत उतरले. उंचावर हवेचा दाब कमी, खाणीत अधिक. शेकडेवारी बदलली; परंतु त्या वायूचा स्वतःचा दाब काढून पाहिला तर तो दोन्ही ठिकाणी जवळजवळ तोच! ह्याचा अर्थ असा की, शरीर त्या दाबाची राखण डोळ्यांत तेल घालून करीत असते. कर्बाम्ल वायूत शेकडा ०.२ एवढीशी वाढ झाली तरी मेंदूतील श्वसनकेंद्र जागे होते व फुप्फुसांतून जाणारी हवा दुप्पट होते. पटांगणावर धावून आलेल्या मुलास धाप लागते ती मुख्यतः प्राणवायूच्या टंचाईने नव्हे, तर स्नायूंनी निर्माण केलेला कर्बाम्ल वायू बाहेर लोटण्यासाठी. ज्यास आपण टाकाऊ म्हणत होतो, तोच श्वासाचा लगाम हाती धरून बसलेला निघाला.

ह्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. पाणबुड्यांना वर येताना जडणारी व्याधी टाळण्यासाठी, टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे अशी कोष्टके त्यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. १९११ साली ते अमेरिकेतील पाइक्स पीक ह्या सुमारे १४१०० फूट उंच शिखरावर काही आठवडे जाऊन राहिले. आणि १९१५ साली एप्रिलच्या २२ तारखेस ईप्र येथील रणभूमीवर जर्मन सैन्याने क्लोरीन वायू सोडला, तेव्हा तो वायू कोणता व त्यावर उपाय काय हे ठरविण्यासाठी युद्धमंत्री लॉर्ड किचनर ह्यांनी चौपन्न वर्षांच्या हॉल्डेन ह्यांसच फ्रान्सला पाठविले. परत आल्यावर त्यांनी क्लोरीन स्वतः हुंगून त्याची परीक्षा घेतली. वायूने होरपळलेल्या शिपायांस प्राणवायू देण्याची तोवरची रीत म्हणजे तोंडापुढे नरसाळे धरावयाचे. त्यातील बराचसा वायू हवेतच उडून जाई. हॉल्डेन ह्यांनी तोंडावर बसणारा मुखवटा, वायू साठविणारी पिशवी व प्रवाह मोजून सोडणारी कळ असे साधन तयार केले व १९१७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रुग्णालयात आज रोग्याच्या तोंडावर जो प्राणवायूचा मुखवटा दिसतो, त्याच्या पूर्वजांत ह्या साधनाची गणना केली पाहिजे.

चरित्रलेखकाने नायकाचे दोष झाकू नयेत. हॉल्डेन ह्यांचे एक मत असे होते की, कठीण प्रसंगी फुप्फुसे प्राणवायू स्वतःच्या बळाने रक्तात ढकलतात. डेन्मार्कचे क्रोग दांपत्य ह्यांनी १९१० साली बारीक मोजमाप करून हे मत खोडून काढले. पुढे १९२० साली बारक्रॉफ्ट ह्यांनी काचेच्या खोलीत सहा दिवस राहून तेच दाखविले. प्राणवायू केवळ दाबाच्या फरकाने रक्तात शिरतो, हे आता निर्विवाद आहे. तथापि हॉल्डेन ह्यांनी आपले मत अखेरपर्यंत सोडले नाही. ज्यांनी जगास मोजमापावर विसंबावयास शिकविले, त्यांसही आपल्याविरुद्ध गेलेले मोजमाप मान्य करणे जड गेले. ह्यात आम्हांस त्यांची हेटाळणी करावयाची नाही. मोठ्या माणसासही मोह सुटत नाही, आणि सत्य हे कोणाच्याही मोठेपणावर अवलंबून राहत नाही, एवढेच विद्यार्थ्यांनी घ्यावे.

१९३४ साली रॉयल सोसायटीने त्यांस कोप्ले पदक हा आपला श्रेष्ठ सन्मान दिला. विश्रांती घेण्याचे वय केव्हाच उलटून गेले होते. परंतु इराणच्या तेलक्षेत्रातील कामगारांस उष्माघात होतो असे कळताच पंचाहत्तरीतील हा वृद्ध तिकडे चौकशीस गेला. तेथून परतल्यावर ते न्यूमोनियाने आजारी पडले, व १९३६ सालच्या मार्च महिन्यात ऑक्सफर्ड येथे त्यांनी देह ठेवला. ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या श्वासाची काळजी वाहिली, त्याचा श्वास फुप्फुसांच्याच आजाराने थांबावा, हा दैवाचा विलक्षण योग होय.

परंतु त्यांच्या विद्येचा श्वास थांबला नाही. कर्बाम्ल वायू विशिष्ट अवरक्त किरण शोषून घेतो. ह्या गुणाचा उपयोग करून वायूचे प्रमाण अखंड दाखविणारे यंत्र जर्मनीतील लुफ्ट ह्यांनी तयार केले व १९४३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यातूनच पुढे कॅप्नोग्राफ हे यंत्र विकास पावले. कॅप्नोस ह्या ग्रीक शब्दाचा अर्थ धूर. देहाच्या चुलीतून निघणारा धूर मोजणारे यंत्र, असे त्या नावाचे मराठी करता येईल. हॉल्डेन ह्यांच्या नळीप्रमाणेच हे यंत्रही उच्छ्वासाच्या अखेरच्या क्षणाची वार्ता घेते. निरोगी माणसात त्या वेळी कर्बाम्ल वायूचा दाब पाऱ्याच्या ३५ ते ४५ मिलिमीटरांइतका असतो. हॉल्डेन ह्यांच्या ५.६ ह्या शेकडेवारीचे गणित दाबात मांडले, व फुप्फुसांतील बाष्पाचा दाब वजा केला, तर उत्तर येते सुमारे ४० मिलिमीटर. म्हणजे बरोबर मध्यभागी! रबरी नळी व पोटॅशचे द्रावण घेऊन काढलेला आकडा इतका अचूक होता.

आणीबाणीच्या प्रसंगी ह्या आकड्याची किंमत प्राणाएवढी असते. बेशुद्ध रोग्याच्या श्वासनलिकेत नळी घालून त्यास कृत्रिम श्वास द्यावा लागतो. श्वासनलिका व अन्ननलिका अगदी शेजारी. घाईत नळी चुकून अन्ननलिकेत गेली तर फुप्फुसांऐवजी पोट फुगत राहते, आणि सर्वांच्या डोळ्यांदेखत रोगी दगावतो. वरवर पाहून ही चूक पुष्कळदा कळत नाही. परंतु पोटातून कर्बाम्ल वायू टिकून येत नाही. म्हणून पडद्यावरील लाटा नाहीशा होऊन रेषा सपाट झाली की, नळी ताबडतोब काढून पुन्हा घालावी हे कळते. हृदय बंद पडलेल्या रोग्याची छाती दाबीत असताना तर हे यंत्र दुसरीच कामगिरी करते. स्नायूंत तयार झालेला कर्बाम्ल वायू फुप्फुसांपर्यंत रक्तच आणून पोहोचविते; रक्त फिरले नाही तर तो येणार कसा? तेव्हा आकडा १० मिलिमीटरांच्या खाली राहिला, तर छाती दाबणारा दमला असून त्याची जागा दुसऱ्याने घ्यावी असे डॉक्टर बहुधा समजतात. आणि तो आकडा अकस्मात उसळून वर आला, तर हृदय पुन्हा चालू झाले असावे अशी ती शुभवार्ता असते. गुंगीच्या औषधाने श्वास मंदावलेल्या रोग्यास प्राणवायू दिलेला असला, तर त्याच्या रक्तातील प्राणवायूचा आकडा श्वास थांबल्यावरही काही वेळ चांगलाच दिसत राहतो. परंतु उच्छ्वासाची लाट तत्क्षणी थांबते व धोक्याची घंटा वाजते. प्राणवायूची गोष्ट निराळी व कर्बाम्ल वायूची निराळी, हे हॉल्डेन ह्यांनी पेटीत बसून शोधिले होते, ते येथे कामास आले.

आपल्या देशाशी ह्या घराण्याचा संबंध अखेर जुळून आलाच. खाणीत अँटनीचे भाषण म्हणणारा तो मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन ह्या नावाने आनुवंशशास्त्रात जगप्रसिद्ध झाला. ते १९५७ साली कलकत्त्यास येऊन राहिले, १९६१ साली भारताचे नागरिक झाले, व १९६४ साली भुवनेश्वर येथे वारले. मरणोत्तर आपला देह त्यांनी काकिनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयास अभ्यासासाठी दिला. पित्याने जिवंतपणी आपला देह विद्येच्या कामी लावला, पुत्राने मृत्यूनंतर. थोर-आजोबांस ज्या भूमीवर कंपनी सरकारने पाय ठेवू दिला नाही, त्या भूमीत पणत्याचा देह विसावला.

ह्या चरित्रापासून घ्यावयाचे ते काय? पालकांस आमची विनंती अशी की, थंडीच्या रात्री दारेखिडक्या लावून खोलीत पेटती शेगडी ठेवू नये, आणि न्हाणीघरात गॅसचा गीझर असल्यास हवेची वाट कधीही बुजवू नये. टायलर्सटाउनच्या खाणीतील शत्रूच तेथे येऊन बसतो, व त्यास अजूनही ना रंग, ना वास. विद्यार्थ्यांस आम्ही एवढेच सांगू की, वर्गाच्या खिडक्या उघडणे हे हलके काम नव्हे. डंडीच्या शाळांत एका मोठ्या शास्त्रज्ञाची विद्या ह्याच कामापासून सुरू झाली. आणि दुसरे असे की, लोकांच्या भल्यासाठी जो प्रयोग करावयाचा त्याचा पहिला घोट स्वतः घेण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असते, त्याच्याच शब्दावर लोक आपला जीव सोपवितात.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत चुन्याची निवळी तुमच्या फुंकरीने पांढरी झाली म्हणजे, वहीतील त्या दोन ओळी लिहून झाल्यावर क्षणभर थांबा. त्याच वेळी कोठल्यातरी रुग्णालयात, कोणा मातेच्या मुलाच्या उशाशी, अशाच एका फुंकरीची वाट पाहत माणसे उभी असतील, व पडद्यावर ती लाट उमटताच त्यांच्या जिवात जीव येत असेल.